स्वाध्यायाला गैरहजर

नोटीस बोर्डाच्या काचेत आधी मला माझं तोंड दिसलं आणि मग त्या तोंडावर, नाकाच्या थोडं खाली, मिशी असावी तसं माझं नाव. वानखडे विष्णू शेषराव. विषय स्वाध्याय. उपस्थिती अपुरी, सबब प्रथम वर्षाच्या परीक्षेस बसता येणार नाही, सहा महिन्यांनी नव्या बॅचबरोबर हा विषय पुन्हा पूर्ण करावा. नोटीस हिंदीत होती. मी ती मनात मराठीत करून पाहिली, तरी अर्थ बदलला नाही. यादीत दुसरं कोणीच नव्हतं, आणि एका नावाची यादी मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होतो. खाली सही होती ती माझ्या वडिलांची. श ला मागून शेपूट काढलेली ती सही मी पहिलीपासून ओळखतो. दर वर्षी प्रगतिपुस्तकावर ती यायची आणि आई त्या दिवशी शिरा करायची. म्हणजे झालं असं होतं, हे मी स्वतःला हळू समजावलं, की आपलं आपण शिकायच्या तासाला मी वर्षभर गेलो नव्हतो, कारण त्या तासाला मी आपलं आपण शिकत होतो, आणि हे माझ्या बापाने शिक्क्यानिशी जाहीर केलं होतं. राग शरीरात नेमका कुठे असतो हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. माझा दाढांमध्ये होता. मी काचेत पाहिलं तर माझ्या नावाखाली माझा जबडा हलत होता, जणू मी ते नाव चघळतोय.

आमचं मेडिकल कॉलेज नवीन होतं. दुर्गकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या धान्याच्या गोदामाला मधे विटांच्या भिंती घातल्या, बाहेर पांढरा रंग दिला आणि त्याला कॉलेज म्हणायला सुरुवात केली. कोपऱ्यात पाय घासला तर अजून गव्हाचे दाणे निघायचे. शरीररचनाशास्त्राचे प्रोफेसर कागदावर होते आणि शरीराने नागपूरला, स्वतःच्या दवाखान्यात. शरीरक्रियाशास्त्राचेही तसेच. लायब्ररीला कुलूप होतं कारण लायब्रेरियनची जागा भरायची होती. पहिले काही महिने आम्ही पोरं गोदामाच्या उंच छपराखाली बसून कबुतरं बघायचो. मग प्रिन्सिपल साहेब दिल्लीला कसल्याशा कार्यशाळेला गेले आणि तिथून एक शब्द घेऊन आले. सगळ्यांना पटांगणात उभं करून ते म्हणाले की जगात आता शिकवणं मागे पडलं आहे, प्रगत देशात विद्यार्थी स्वतःच शिकतो, शिक्षक फक्त दूरवरून प्रेरणा देतो. आमचे शिक्षक किती दूर आहेत हे ऐकून मला आपण फारच प्रगत आहोत असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी पेंटर आला आणि त्याने भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं, 'विद्यार्थी स्वयं अपना शिक्षक है'. मी शेजारच्या जयाला म्हटलं की मग पगार कोणत्या खिडकीवर मिळतो ते विचारून ये. जया दुर्गची, तिच्या घरी तीन पिढ्या मराठी बोलतात आणि तिसरीने ते हिंदीतून बोलायला घेतलंय. ती म्हणाली, "तू ना, मरवाएगा एक दिन. चूप बस न."

आणि मग त्यांनी माझ्या बापाला आणलं. हे मी अजून नीट गिळू शकलेलो नाही. बाबा पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. गेटावर प्रत्येक कामगाराचं पितळी टोकन असतं. माणूस आला की ते फळीवरच्या खिळ्यावरून काढून पेटीत टाकतो, आणि फळीवर जे उरतं तो गैरहजर. बाबांनी सगळी नोकरी त्या फळीसमोर काढली. लोखंड कसं होतं हे त्यांनी कधी पाहिलं नाही. लोखंड करणारे आत गेले की नाहीत, एवढंच पाहिलं. रिटायर झाले तसं सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही कैंप-1 च्या वस्तीत दोन खोल्यांत आलो, जिथे पहाटे भोंगा ऐकू येत होता पण तो आता आमच्यासाठी नव्हता. भोंगा झाला की बाबा उठून बसायचे. मग कुठे जायचं नाही हे आठवून तसेच बसायचे. त्यांच्या हनुवटीखालची कातडी त्या वर्षात सैल झाली. अशात प्रिन्सिपल साहेबांना कोणीतरी सांगितलं की स्वाध्यायाला शिस्त पाहिजे, आणि शिस्त पाहिजे तर कारखान्याचा माणूस पाहिजे. बाबा स्वाध्याय अधिकारी झाले. आईने पुन्हा शिरा केला. बाबांनी कैंपातल्या कबाड्याकडून कारखान्याची जुनी, बाद झालेली टोकनं किलोवर आणली, चिंचेने घासली आणि आम्हाला एकेक वाटलं. माझ्यावर चार आकडी नंबर होता आणि कडेला कुणाच्या तरी अंगठ्याने घासून घासून केलेला खळगा. कोणीतरी माणूस त्या नंबरावर जगून गेला होता. मी त्यात अंगठा ठेवला तर बरोबर बसला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

स्वाध्यायाचा तास असा होता. आत शिरताना टोकन फळीवरून काढायचं, बाबांपुढच्या पेटीत टाकायचं. ते पेटीत पडल्याचा आवाज आला की बाबा मान हलवायचे. म्हणजे तुम्ही शिकायला लागलात. आत बाकावर बसायचं. बोलायचं नाही, कारण बोलणं म्हणजे दुसऱ्याकडून शिकणं. पुस्तकं कुलपात. उठायचं नाही. एका पोराने, त्याला खरंच काहीतरी समजलं नव्हतं, हात वर केला तेव्हा बाबा अतिशय प्रेमाने म्हणाले, "बेटा, कोणाले विचारून राहिला तू? तूच शिक्षक हायेस. हात खाली घे." ते थट्टा करत नव्हते. भिंतीवर लिहिलेलं ते खरं मानत होते, जसं कारखान्याच्या गेटावर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं ते खरं मानत आले. मी तिथे सहा दिवस बसलो असेन, किंवा आठ, हजेरीपट छापून यायच्या आधीचे. सातव्या किंवा नवव्या दिवशी मी मुतायला म्हणून उठलो आणि शेजारच्या दाराला हात लावला तर त्याची कडी तुटलेली होती.

आत तो होता. कॉलेजचा एकुलता एक मुडदा. मान्यतेसाठी एक तरी लागतो म्हणून दुर्गच्या मुर्दाघरातून कागदपत्र करून आणलेला, बेवारस, ताडपत्रीखाली, फॉर्मलिनच्या वासात. डोळ्यांतून पाणी यायचं. पहिले काही दिवस मी तिथे रडलो असं कोणी म्हणू शकेल, पण त्याला रसायन जबाबदार होतं. छाती-पोटाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी त्याचा उजवा हात घेतला, जसा ओळख करून घेताना घेतात. माझ्याजवळ एक सेकंडहँड पुस्तक होतं ज्याची नेमकी हाताची पानं कोणीतरी ब्लेडने कापून नेली होती. तेव्हा मी चिडलो होतो. नंतर वाटलं, बरं झालं. पुस्तकात नसल्यामुळे मला हात बघावाच लागला. कातडी काढली. चरबी काढली. खाली दोऱ्या निघाल्या, पांढऱ्या, चमकणाऱ्या, ओढल्या की बोट हलायचं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी मागे उडी मारली आणि मग पुन्हा पुढे येऊन पुन्हा ओढली. एखाद्या मेलेल्या माणसाने तुम्हाला बोटाने जवळ बोलवावं यासारखं दुसरं काही नसतं. रोज मी एक प्रश्न घेऊन जायचो. ही दोरी कुठून येते. ही आणि ती एकमेकींत का अडकत नाहीत. उत्तर द्यायला कोणी नव्हतं, त्यामुळे प्रश्न मोडायचा नाही. घरी यायचा, माझ्याबरोबर जेवायचा. आई विचारायची, "तोंडातल्या तोंडात काय मोजून राहिला रे?" आणि मी तिच्या पोळी लाटणाऱ्या हाताकडे असा पाहायचो की ती पदराने मनगट झाकून घ्यायची.

महिनाभर ओढून ओढून त्याची बोटं सैल झाली, आणि मग एका सकाळी मला ते सापडलं. मनगट मागे वाकवलं की बोटं आपोआप मिटायची. मनगट आत वाकवलं की मूठ सुटायची. मी काही न ओढता. बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात, मनगट वाकलं की त्या कमी पडतात किंवा सैल होतात, बस एवढंच. कोणत्याही पुस्तकात असेल, माझ्या पुस्तकात ते ब्लेडने नेलं होतं. पण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी खिडकीजवळ जाऊन माझ्या हातावर करून पाहिलं. दुपारी घरी आलो तर बाबा खाटेवर झोपलेले, चष्मा मुठीत घट्ट धरून. कारखान्यात कोणीतरी एकदा त्यांचा चष्मा पळवला तेव्हापासून ते असेच झोपतात. मी खाली बसलो आणि त्यांचं मनगट दोन बोटांनी अलगद आत वाकवलं. मूठ उघडली. चष्मा गादीवर आला. झोपेत माझा बाप मला काहीही देऊ शकतो हे मला कळलं आणि इतका आनंद झाला की मी चष्मा पुन्हा त्यांच्या हातात ठेवला, मनगट मागे केलं, आणि बोटं त्याच्याभोवती परत मिटली. डॉक्टर व्हायचं म्हणजे काय ते मला त्या वर्षात त्या एकाच दुपारी समजलं. त्यांच्या हिशोबात त्या दिवशी मी गैरहजर आहे.

मला गैरहजेरीची पर्वा नव्हती असं नाही. मी जयाला म्हटलं होतं, माझं टोकन तेवढं पेटीत टाक. तिने टाकलं. बाबा कागदावर खाली मान घालून लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही, नुसतं म्हणाले, "हे कोणाचं पडलं?" ती म्हणाली, "मेरा, अंकल." ते म्हणाले, "तुह्यं तर आधीच पडलं. एका माणसाच्या हातून दोन आवाज आले." मग पेटी उपडी करून माझं टोकन त्यांनी काढलं आणि उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं. "कारखान्यात याले बदली टोकन म्हणतात. याच्यात नोकरी जाते. दोघाइची." जया त्या दिवशी स्वाध्यायात रडली आणि ते बाबांना चाललं, कारण रडताना बोलावं लागत नाही. माझं टोकन त्यांनी स्वतःच्या हाताने फळीवर लावून टाकलं. मधे एक वीट रुंदीची भिंत होती. पलीकडून मी सगळं ऐकत होतो, हातात त्या माणसाचा हात घेऊन. मी आत गेलो नाही. मला वाटलं, त्यांना माहीत आहे मी कुठे आहे. रोज घरी माझ्या अंगाला तो वास येतो, आई मला मोरीत अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ येऊ देत नाही. त्यांना माहीत आहे. वर्षाच्या शेवटी ते काहीतरी करतील. बाप आहेत.

नोटीस वाचून मी सायकल काढली. सुपेल्याचा बाजार, पॉवर हाऊसचा पूल, कारखान्याच्या चिमण्यांतून रोजचा तांबूस धूर, सगळं जागेवर होतं, प्रत्येक गोष्ट हजर. मी पॅडल मारत होतो आणि बाबांना काय काय म्हणायचं ते जुळवत होतो. मला फार चांगली वाक्यं सुचत होती. पुलाच्या चढावर एक सुचलं ते इतकं जहरी होतं की मी उतरून सायकल हातात घेतली. घरी पोहोचेपर्यंत सगळी गेली. बाबा जेवायला बसले होते. आई पोळी शेकत होती.

"आला?" बाबा म्हणाले.

"आलो. हजेरी लावून घ्या."

आईने मान फिरवली. "आता काय झालं?"

"बाबांनी मले परीक्षेतून काढलं. नोटिशीवर सही याइचीच हाय."

"मी नाही काढलं," बाबा म्हणाले. "तू आला नाहीस. मी फक्त ते लिहिलं."

"मी बाजूच्या खोलीत होतो. मधात एक भिंत."

"भिंत म्हणजे भिंत असते विष्णू. रोलिंग मिलचा माणूस कोक ओव्हनमधी जाऊन उभा राहिला तर त्याची हजेरी कुठी लागते?"

"कुठी?"

"कुठीच नाही."

"मी शिकून राहिलो होतो तिथी."

"असशील. शिकून राहिला होता का झोपून राहिला होता ते मले कसं दिसणार? मले टोकन दिसते. टोकन फळीवर होतं." त्यांनी वरणात पोळी बुडवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सहन होत नव्हतं. "आज प्रिन्सिपल साहेबांनी बोलावलं होतं. दिल्लीवरून इन्स्पेक्शन येऊन राहिलं सोमवारी. प्रोफेसर लोकाइची हजेरी भरा म्हणे, सालभराची. भरली मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोणत्या प्रोफेसर लोकाइची?"

"ॲनाटॉमीचे साहेब. फिजिऑलॉजीचे."

"बाबा, ते आलेच नाहीत. त्याइचं तोंड कसं हाय तेही कोणाले माहीत नाही."

"ऑफिसर हायेत ते." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी दोनाचा पाढा चुकलो. "ऑफिसरले टोकन नसते. ऑफिसर जिथी असतो तिथी ड्यूटी असते. नागपूरले असला तर नागपूरले ड्यूटी. हे कारखान्यापासून चालत आलं, मी नाही लावलं. ऑफिसर गैरहजर कसा राहीन?"

आईने तवा उतरवला. "अन पोराचं काय मंग? साहेब काही म्हणले नाही याच्यासाठी?"

"म्हणले ना. शेषरावजी, लगे हाथ लड़के का भी कर दीजिए." बाबा पाणी प्यायले. "मी म्हटलं, सर, वो टोकनवाला है."

आणि ते हसले. थोडंसं, खाली बघून, जसं माणूस आपल्या चांगलेपणावर कोणी बघत नसताना हसतो. मी त्या हसण्याकडे पाहत राहिलो. मला ते समजलं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग होता. एवढ्या वर्षांत एकदाही खोटी हजेरी लावली नाही हा माझ्या बापाचा एकुलता एक दागिना होता, आणि त्यांच्या मते तो अजून अंगावर होता. दोन माणसं वर्षभर आली नाहीत त्यांना त्यांनी हजर केलं होतं आणि त्यात खोटं कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं; भिंतीपलीकडे मी होतो आणि मी त्यांना दिसत नव्हतो. बापाच्या डोळ्याला इलाज असता तर मी शिकलो असतो. ताट भिरकावावं असं मनात आलं. जर्मनचं ताट, आवाज मोठा झाला असता, शेजारची शकुबाई भिंतीवर ठोकून विचारती काय झालं म्हणून. मी आईला म्हटलं, जवसाची चटणी दे थोडी. तिने दिली. चमचा धरताना तिच्या अंगठ्यामागे दोरी उभी राहिली, आणि ती कुठून येते ते मला माहीत होतं.

सोमवारी मला कॉलेजात येऊ नकोस असं सांगितलेलं होतं. मी गेलो. फळीवर माझं टोकन होतं, ते काढलं, पेटीत टाकलं नाही, खिशात घातलं, आणि तुटक्या कडीच्या दारातून आत जाऊन त्याच्या टेबलाजवळ उभा राहिलो. गोदामाला फुलांच्या माळा लावल्या होत्या. लायब्ररी उघडली होती; कपाटं भाड्याची होती, पुस्तकं एका वकिलाची. थोड्या वेळाने एक गोरेसे गृहस्थ दारातून डोकावले, सफारी सूट, हातात रेल्वेचं तिकीट अजून, आणि मला म्हणाले, "बेटा, यहां बाथरूम किधर है?" ते आमचे शरीररचनाशास्त्राचे प्रोफेसर. ते या कॉलेजात वर्षभर एकही दिवस न चुकता हजर होते, त्यांना फक्त बाथरूम सापडत नव्हतं. मी दाखवलं.

मग सगळे आले. प्रिन्सिपल साहेब, प्रोफेसर साहेब नाकाला रुमाल लावून, आणि इन्स्पेक्टर, एक म्हातारे बारीक डॉक्टर ज्यांनी रुमाल लावला नाही. पोरं दारात. बाबा दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, हजेरीपट छातीशी धरून. त्या खोलीत त्यांनी वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. आपली ड्यूटी बाहेर म्हणायचे, पण मला माहीत होतं, त्यांना मेलेल्या माणसाची भीती वाटते. इन्स्पेक्टरांनी ताडपत्री उचलली, इकडे तिकडे पाहिलं आणि मग त्याच्या उजव्या हातापाशी थांबले. बराच वेळ. एका दोरीखाली त्यांनी नख घातलं आणि ते सरळ पुढे गेलं, कुठे अडलं नाही.

"बहुत साफ़ काम है," ते म्हणाले. "किसने किया?"

"लड़कों ने," प्रोफेसर साहेब रुमालातून म्हणाले. "हमारे मार्गदर्शन में."

"किस लड़के ने?"

मग दारातून जयाचा आवाज आला, वर्षभर स्वाध्यायात बसून बसून घोगरा झालेला. "विष्णू ने, सर. वो खड़ा है न."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. प्रिन्सिपल साहेबांनी घाम पुसला आणि सवयीने दाराकडे पाहिलं. "शेषरावजी?"

बाबांनी हजेरीपट उघडला. बोट वरून खाली आणलं, थांबवलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. अजूनही, दिल्लीच्या माणसासमोर, सगळ्या पोरांसमोर, तो हात माझ्यासमोर टेबलावर पुरावा म्हणून पडलेला असताना. एक शब्द. माझं सगळं अंग तो एक शब्द मागत होतं.

"विष्णू वानखडे," बाबा म्हणाले. "ग़ैरहाज़िर है, सर. पूरे साल."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "तो फिर ये कौन है?"

"मेरा लड़का है," बाबा म्हणाले.

म्हातारा हसला. वाईट हसला नाही. त्याला वाटलं ही इकडची काहीतरी गंमत आहे. मग प्रिन्सिपल साहेब हसले, प्रोफेसर साहेब हसले, आणि प्रिन्सिपल साहेब म्हणाले की सर, हमारे यहां अनुशासन ऐसा है कि बाप बेटे को नहीं छोड़ता, आणि इन्स्पेक्टर म्हणाले वाह, स्वाध्याय का अच्छा प्रयोग है, और चाय कहां है. कॉलेजला मान्यता मिळाली हे मला त्यांच्या पाठी पाहूनच कळलं. पोरं समोशांच्या मागे गेली. जया दारात थोडी थांबली, मग तीही गेली. ज्याने हात फाडला तो नव्हता, ज्याने फाडला नाही त्याचं मार्गदर्शन होतं, आणि आता चहा.

बाबा मात्र गेले नाहीत. ते फळीसमोर उभे राहून मोजत होते. पेटीतली आणि फळीवरची टोकनं जुळल्याशिवाय टाइम ऑफिसचा माणूस जागा सोडत नाही. दोनदा मोजलं. मग दाराशी आले.

"एक कमी येऊन राहिलं. तुह्याजवळ हाय का?"

"नाही." मी खिशातून टोकन काढलं. टेबलावरच्या माणसाचा हात धरला, तळव्यावर टोकन ठेवलं आणि मनगट मागे वाकवलं. बोटं एकेक करून मिटली, मनगट तसंच मागे राहिलं. "याच्याजवळ हाय. लावा याची हजेरी."

"मस्करी नको करू."

"मस्करी नाही, बाबा. सालभर आला हा. सुट्टीच्या दिवशीही. इथं शिकवलं असन कोणी तर यानंच. लावा."

आणि बाबांनी, मला वाटतं त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, पेनाचं टोपण काढलं. हजेरीपट गुडघ्यावर टेकवला. "नाव?"

वर्षभर मी त्याच्या नसा मोजल्या होत्या आणि नाव विचारायचं सुचलं नव्हतं. विचारलं असतं तरी कोणाला. "त्याच्या तळव्याच्या घट्ट्यात चुना होता," मी म्हणालो. "आतपर्यंत. मी कापून पाहिला. अहिवाऱ्याकडचा असन, चुनखडीच्या खाणीतला. ठेकेदाराकडचा माणूस."

बाबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका वाढत होता. मग त्यांनी टोपण लावलं. कोणाला बरं वाटावं म्हणून नव्हे आणि वाईट वाटावं म्हणूनही नव्हे, जसं होतं तसं ते म्हणाले, "ठेक्याच्या माणसाले टोकन नसते."

हजेरीपट त्यांनी बाहेर स्टुलावर ठेवला. मग देवळात जाताना काढतात तशा चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत आले. टेबलाच्या पलीकडे उभे राहिले. ओठ हलत होते, काहीतरी म्हणत असतील. डोळे मिटून त्यांनी त्या माणसाची मूठ धरली आणि टोकनाची कडा चिमटीत घेऊन ओढली. सुटेना. त्यांनी डोळे उघडले. करंगळी उचलून पाहिली. ती उचलली आणि परत मिटली. दुसऱ्या हाताने कोपर दाबून धरलं आणि जोर लावला. माझ्या बापाचा हात आणि तो हात, दोन्हीतल्या सगळ्या दोऱ्या ताणलेल्या, एकाच्या कातडीखाली आणि एकाच्या उघड्यावर, मला एकदम दिसत होत्या. बाबांच्या कपाळावरून घाम त्याच्या मनगटावर पडला. "सोड ना बाप्पा," ते त्याला म्हणाले, मला नव्हे. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदा ते मला कसं करायचं ते विचारत होते.

मनगट आत वाकवायचं होतं. दोन बोटांनी, अलगद. एवढंच.

पण मी गैरहजर होतो.